हाताने विणलेली गॉगलची दोरी: जहाजी गाठी आणि आपलं ऊन

वैनगंगाकाठ
१४ एप्रिल, रात्री ९:१०

राम राम मंडळी. पवनी तालुक्यातून लिहितो आहे. उन्हाळी धान उभं आहे, ऊन आत्ताच चाळिशीच्या वर गेलंय आणि यंदा गावात गॉगल वापरणारे बरेच दिसतात. ट्रॅक्टरवर, मोटरसायकलवर, रोजगार हमीच्या कामावर, गोसीखुर्दच्या पाण्यात डोंगा घालणाऱ्यांच्या डोळ्यांवरसुद्धा. पण वाकलं की गॉगल घसरतो, घामाने नाकावरून निसटतो आणि बांधीच्या चिखलात पडतो. खिशात ठेवला तर माणूस त्यावरच बसतो. म्हणून दोरी हवी. बाजारात रबरी पट्टी मिळते, ती मे महिन्यात चिकट होते आणि मानेला घामोळं आणते.

मी जहाजी धर्तीच्या दोऱ्या विणतो. म्हणजे शिडाच्या जहाजांवरचे खलाशी ज्या गाठी मारत, त्याच गाठींच्या. आत्ता समोर जी आहे ती सांगतो. दोन मिलिमीटर जाडीची निळी-पांढरी दोरी, मधला सगळा भाग चार पदरी गोल गोफ. दोन्ही टोकांकडे बोटभर लांब चपटी वीण: मधे दोन पदर सरळ, आणि बाजूचे दोन पदर आळीपाळीने डावीकडून-उजवीकडून गाठ मारत आलेले. त्यापुढे सिलिकॉनची छोटी नळी, तिच्यात गॉगलची काडी घुसते. मानेमागे एक गोल, कडीसारखी विणलेली गाठ आहे, दोन्ही पदर तिच्यातून जातात. ती डोक्याकडे सरकवली की दोरी आवळते, मागे ओढली की गॉगल छातीवर लोंबतो.

एक गोष्ट मनात पक्की आहे. ही शोभेची वस्तू करायची नाही. समुद्राकडच्या दुकानांत अशा दोऱ्यांना नांगर, शंख, होकायंत्र लटकवलेले असतात, ते मला नको. आपल्या उन्हात, घामात, धुळीत आणि चिखलात जी टिकेल आणि कुणाला इजा करणार नाही, तशी हवी. म्हणून विचारतो: सूत बरं की नायलॉन? सरकती गाठ उन्हाळाभर वापरून ढिली पडते, तिचं काय करावं? आणि किंमत काय ठेवावी? गाठींचं जाणणारे कोणी इथे असतील तर मोकळेपणाने सांगा.

---

धडपड्या_तिरोडा
१४ एप्रिल, रात्री ९:४८

मस्त विषय भाऊ. मी पॅराकॉर्डचे हातातले पट्टे विणतो. पॅराशूटच्या दोऱ्यांवरून आलेली ही दोरी. जाडवाली ५५० म्हणतात ती ५५० पौंड, म्हणजे जवळपास अडीचशे किलो ओढ सहन करते. वर विणलेली खोळ आणि आत सात बारीक पदर. पण गॉगलला ती जड होईल. बारीक दोन मिलिमीटरचीच बरी.

माझा एक प्रश्न जोडून घ्या. ती गोल सरकती गाठ मी तीन पदरी, कडेला सहा वळणं अशी करायला घेतो तेव्हा दोरी मधेच सुरुवातीला येऊन मिळते. गाठ पुरीच होत नाही. पाच वळणांची मात्र लगेच होते. असं का?

---

सागरवाट
१५ एप्रिल, सकाळी ७:२२

मी वर्ध्याचा. नोकरीची बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर गेली, आता घरी शेती बघतो. हा धागा वाचून हात शिवशिवले.

धडपड्या, ती गाठ म्हणजे टर्क्स हेड. तिचा नियम साधा आहे: पदरांची संख्या आणि कडेच्या वळणांची संख्या या दोघांना एकाच आकड्याने भाग जाता कामा नये. तीन पदर आणि चार, पाच, सात किंवा आठ वळणं असतील तर एका दोरीत पुरी होते. तीन आणि सहा घेतलं की दोघांना तीनने भाग जातो, मग एका दोरीऐवजी तीन वेगळ्या दोऱ्या लागतात. तुमचा हात चुकत नव्हता, आकडा जुळत नव्हता.

याच गाठीचं एक काम सांगतो, कारण वैनगंगाकाठ यांनी शोभेचा मुद्दा काढलाय. जुन्या जहाजाच्या सुकाणूचं चाक आऱ्यांचं असे. सुकाणू अगदी सरळ असताना जो आरा वर येतो, त्यावर ही गाठ बांधून ठेवत. काळोख्या रात्री चाकावर हात फिरवला की सुकाणू कुठे आहे ते बोटांना कळायचं. दिसायला सुंदर, पण बांधलेली कामासाठी. खलाशांच्या बहुतेक नक्षीदार गाठी अशाच. कठड्याला गुंडाळलेली वीण ओल्या हाताची पकड सुटू नये म्हणून, आणि दोरीच्या टोकाची गुंडाळी पीळ उकलू नये म्हणून. वापरून जुन्या झालेल्या दोऱ्या उकलून, लांबच्या प्रवासात हाती असलेल्या वेळात हे सगळं विणलं जाई.

सरकत्या गाठीचं: ती एकेरी ठेवलीत तर ढिली पडणारच. त्याच वाटेने दोरी दुसऱ्यांदा आणि जमल्यास तिसऱ्यांदा फिरवा. मग एका टोकापासून सुरू करून प्रत्येक वळणातली ढील थोडी थोडी पुढे सरकवत न्या. घाईने एकदम ओढलीत की वाकडी बसते. हे आवळण्याचं काम गाठ मारण्यापेक्षा जास्त वेळ घेतं आणि तिथेच चांगला कारागीर ओळखू येतो.

पाण्यावर वापरणाऱ्यांसाठी: नायलॉन बुडतं, पॉलिएस्टर त्याहून जड, तेही बुडतं. पॉलिप्रॉपिलीन तेवढं तरंगतं, पण एका गॉगलचं वजन तरंगवायला नुसती दोरी पुरत नाही. बुचाचा किंवा फोमचा मणी घाला आणि बादलीत टाकून बघा.

कड्या स्टीलच्या घेणार असाल तर दुकानदार समुद्रासाठीचं ३१६ नंबरचं स्टील दाखवेल. त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या पाण्याला जास्त टिकतं. आपल्याकडे समुद्र नाही, तरी घाम खाराच असतो. मात्र रोज पुसलं तर साधं ३०४ नंबरचं स्टील पुरतं. आणि तुम्ही भंडाऱ्याकडचे, पितळेच्या गावचे! पितळेची लहान कडी वापरा की. हिरवट झाली तर चिंचेने घासली की चकचकीत.

---

पांढरंसोनं
१५ एप्रिल, दुपारी १:०५

यवतमाळ. कापूस पिकवणारा माणूस, तेव्हा माझं मत सुताकडेच जाणार. पण कारणं देतो.

सूत घाम पितं, मानेला टोचत नाही. ओलं झाल्यावर सुताची ताकद वाढते, नायलॉनची थोडी कमी होते. नायलॉनवर उन्हाचाही परिणाम होतो, वर्षानुवर्षं उन्हात राहिलेली दोरी कडक होऊन तुटायला लागते. सूतही उन्हाने झिजतं, पण ते हळूहळू झिजतं आणि डोळ्यांना दिसतं.

सुताची खरी अडचण पावसाळ्यात. ओली दोरी गुंडाळून ठेवली की बुरशी धरते. वाळवूनच ठेवायची. आणि विणण्याआधी सुती दोरी रात्रभर पाण्यात भिजवून सावलीत वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते आणि गाठी दगड होतात.

आणखी एक. दोरी घरीच वळणार असाल तर पिळाकडे लक्ष द्या. सुताला उजवा पीळ असेल तर दोन-तीन सुतं एकत्र वळताना डावा पीळ द्यायचा. उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात. दोन्ही एकाच दिशेने वळले की दोरी हातातच गुरमटते. आमच्याकडे बैलाचा कासरा वळणाऱ्या कोणाही म्हाताऱ्याला हे सांगावं लागत नाही.

---

जाळेकरी
१५ एप्रिल, रात्री ८:३०

मी नवेगावबांधकडचा ढीवर. जाळे आमी घरीच विणतो जी. सागरवाट भाऊंनी सांगतलं ते वाचलं. जहाजावर दोन दोऱ्या जोडाची जे गाठ आहे, शीट बेंड का काय म्हणतेत, तेच गाठ आमची जाळ्याच्या डोळ्याची. माह्या पोराने मोबाइलवर दाखवली, मी म्हटलं हे तं मले लहानपणापासून येते.

मंग विचार केला, दोरी कायले, जाळ्याच्या सुतानेच गॉगल बांधावा. एक करून पाह्यली. लाकडाच्या सुईने अन् पट्टीवर माप घेऊन बारीक डोळे विणले, दोन बोटं रुंदीची पट्टी झाली. डोक्याच्या मांगं जाळी बसते, हवा लागते, घाम धरत नाई. तराव्यात बुडी मारली तरी गॉगल गेला नाई. फक्त सूत बारीक पडते, कानामांगं कापते. कानापाशी तुमचा गोफ अन् मांगं माही जाळी, असं जमन का?

---

वैनगंगाकाठ
१५ एप्रिल, रात्री ९:१५

जाळेकरी भाऊ, जमतंय म्हणजे काय, हेच करायचं! गोफाचे चार पदर जिथे संपतात तिथून जाळीची पहिली ओळ उचलता येईल. डोळे किती मोठे ठेवले ते कळवा. पवनीच्या बाजाराला येणं झालं तर एक पट्टी बघायला घेऊन या, मी माझ्या दोऱ्या आणतो.

सागरवाट, दुसऱ्यांदा फिरवायचं लगेच करतो. टोकाच्या गुंडाळीची पद्धत सविस्तर सांगाल का? नायलॉनचं टोक लायटरने वितळवून बसवता येतं, सुताचं नाही.

---

सागरवाट
१६ एप्रिल, सकाळी ६:५०

आनंदाने. मेण लावलेला बारीक, मजबूत दोरा घ्या, चपला शिवायचा चालतो. दोऱ्याचं एक टोक दुमडून त्याचा लांबट फासा दोरीवर उभा ठेवा, फाशाचं डोकं दोरीच्या टोकाकडे. आता उरलेल्या दोऱ्याने फाशासकट दोरीवर वेढे द्या, एकाला एक चिकटून, टोकाच्या दिशेने. वेढ्यांची रुंदी निदान दोरीच्या जाडीएवढी हवी, दीडपट झाली तर फारच छान. शेवटचं टोक फाशाच्या डोक्यातून ओवा आणि दुमडलेलं मागचं टोक ओढा. फासा वेढ्यांखाली शिरतो आणि ओवलेलं टोक आत ओढून घेतो. मध्यापर्यंत आलं की थांबा आणि दोन्ही टोकं कापा. गाठ कुठेच दिसत नाही, आणि मानेला काही टोचत नाही.

वितळवलेल्या नायलॉनच्या टोकावरही ही गुंडाळी कराच. वितळून गोठलेली कड धारदार असते, मानेची कातडी सोलते.

---

ग्रामीण_नेत्रतपासणी
१६ एप्रिल, दुपारी ३:४०

मी डोळे तपासण्याच्या कामात आहे, तालुक्याच्या गावी. दोरीइतकंच काचेकडे लक्ष द्या अशी कळकळीची विनंती.

काच नुसती काळी असून उपयोग नाही. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच अतिनील किरण अडवत नसेल तर ते जास्तच आत जातात. गॉगल न घालण्यापेक्षा ते वाईट. घेताना यूव्ही ४०० असल्याची खात्री करा, म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात. चष्म्याच्या चांगल्या दुकानात मशीनवर हे मिनिटभरात तपासून मिळतं.

शेतात आयुष्य गेलेल्यांच्या डोळ्यांत नाकाच्या बाजूने मांस बुबुळावर चढत येतं, टेरिजियम म्हणतात त्याला. ऊन, धूळ आणि कोरडा वारा ही त्याची मोठी कारणं. मोतीबिंदूशीही अतिनील किरणांचा संबंध आहे. म्हणून तुमची दोरी मला फार महत्त्वाची वाटते. लोक गॉगल घेतात, पण तो पडतो म्हणून घरी ठेवतात. गळ्यात असला तर डोळ्यांवर चढतो.

दोरी आवळताना नाकावर वळ उठेपर्यंत आवळू नये. आणि वाऱ्याने धूळ बसलेली काच दोरीच्या गोंड्याने किंवा शेल्याने कोरडी पुसू नये, आधी पाणी ओतावं. ओरखडे तिथेच पडतात.

---

कासरा_आणि_दावं
१६ एप्रिल, रात्री ७:५५

अकोला जिल्हा. वय झालंय, लिहायला वेळ लागतो.

पोळ्याला बैलाचे गोंडे, मठाठ्या, नवे कासरे मी अजून घरी करतो. तुमचा चार पदरी गोफ आम्ही त्यातच विणतो, वेगळा शिकायची गरज नाही. बाज विणणाऱ्यालाही हे हात लगेच जमतील. पण मी लिहितोय ते वेगळ्यासाठी.

गळ्यात अडकवलेली न तुटणारी वस्तू घेऊन मळणी यंत्रापाशी जाऊ नका. आमच्या भागात शेला ओढला जाऊन माणूस गेला आहे. डोळ्यांनी पाहिलंय. पट्टा, शाफ्ट, कडबा कुटीचं चाक, यांना दोरीचं एक टोक पुरतं. आणि इथे अडीचशे किलो ओढ सहन करणाऱ्या दोरीचं कौतुक चाललंय. गळ्यातली दोरी अडीचशे किलोला न तुटणं हाच तिचा दोष आहे. बैलाच्या दाव्यालासुद्धा आम्ही सुरगाठ मारतो, जनावर अडकलं तर एका हिसक्यात सोडवता आलं पाहिजे.

---

वैनगंगाकाठ
१६ एप्रिल, रात्री १०:०२

काका, तुमचं लिहिणं मी वर चिकटवून ठेवायला सांगितलंय. धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट हीच आहे.

यापुढची प्रत्येक दोरी मी सुटणारीच करणार. दोन ठिकाणी. एक, सिलिकॉनची नळी काडीवर नुसत्या घट्ट बसण्यावर राहील. गोंद नाही, तार नाही, स्क्रू नाही. झटका बसला की ती काडीवरून निसटते. दोन, मानेमागे ओळखपत्राच्या पट्ट्याला असते तशी हिसक्याने उघडणारी प्लास्टिकची कडी. एक बाजू अडकली तरी गळ्याभोवती फास राहणार नाही. प्रत्येक दोरी देण्याआधी एका हाताने झटका देऊन पाहायची, सुटली नाही तर द्यायचीच नाही. आणि सोबतच्या चिठ्ठीत मोठ्या अक्षरात लिहीन: मळणी यंत्र, कडबा कुटी, पंपाचा पट्टा यांच्याजवळ दोरी काढून ठेवा. सुटणारी असली तरी.

लहान मुलांसाठी विचारणा आली होती. खेळताना मुलांच्या गळ्यात दोरी नकोच, ती मागणी घेणार नाही.

---

धडपड्या_तिरोडा
१६ एप्रिल, रात्री १०:३०

काका, पटलं. जाड पॅराकॉर्ड बाद.

एक माहिती द्यावीशी वाटते. बाहेरच्या देशात चम्स नावाच्या दोऱ्या प्रसिद्ध आहेत, त्यांची सुरुवात १९८३ मध्ये ग्रँड कॅनियनच्या नदीत राफ्ट चालवणाऱ्या एका गाइडने केली. गॉगल पाण्यात जायचे म्हणून. म्हणजे ही वस्तू नदीवरच्या माणसाच्या गरजेतूनही आलेली आहे. मग वैनगंगेवर का नाही!

---

मोहर्लीची_ताई
१७ एप्रिल, सकाळी ११:१५

नमस्कार. मी ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळच्या गावातली, बचत गटात आहे. किमतीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते.

आमच्याकडे गॉगलच्या दोरीला खरंच मागणी आहे, आणि त्याचं कारण जंगलाचा नियम. जिप्सी उघडी असते, रस्ता खडबडीत. गॉगल खाली पडला तर पर्यटकाला गाडीतून उतरता येत नाही. कॅमेरा डोळ्याला लावताना गॉगल काढून ठेवायचा कुठे, हा प्रत्येकाचा प्रश्न. गाइड आणि जिप्सीचालक तर रोज दोन फेऱ्या धूळ खातात. त्यांना खाकी, मातकट, गडद हिरवा असे रंग लागतील, जंगलात भडक कपडे चालत नाहीत. निळ्या-पांढऱ्या पर्यटकांसाठी ठेवा.

दोन किमती ठेवा, असं माझं म्हणणं. गावातल्या कामकरी माणसासाठी साधी दोरी: गोफ, सुटणारी कडी, गुंडाळी, बस्स. तिच्यात सामानाचे पैसे आणि माफक मजुरी. टर्क्स हेड, चपटी वीण, पितळेची कडी असलेली पर्यटकासाठी, आणि तिच्यात पूर्ण मजुरी धरा. विणणारी बाई बसते तेव्हा तिच्या वेळेला तेंदूपत्त्याच्या किंवा रोवणीच्या रोजाएवढा भाव मिळालाच पाहिजे. स्वस्त विकून आपणच आपल्या हाताची किंमत पाडतो आणि मग सहा महिन्यांत गट बंद पडतो. मी हे होताना बघितलंय. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, पर्यटकांना बंद असतो, तेव्हा विणून साठा करायचा आणि ऑक्टोबरपासून विकायचा.

नैसर्गिक रंगाचं कोणी सांगू शकेल का? पर्यटक विचारतात.

---

पांढरंसोनं
१७ एप्रिल, दुपारी २:२०

ताई, पळसफुलाचा पिवळा सुंदर येतो पण उन्हात उडतो, गॉगलच्या दोरीला तो नको. हिरडा आणि लोखंडाचं पाणी यांचा राखाडी-काळा बराच टिकतो. निळा हवा असेल तर निळीचाच. रंगवल्यावर दोरी ओली करून पांढऱ्या कापडावर घासा. डाग पडला तर पांढऱ्या सदऱ्यावरही पडणार. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात खादी आणि नैसर्गिक रंगाचं काम बघायला मिळतं, गटाला एकदा घेऊन जा.

---

वैनगंगाकाठ
१७ एप्रिल, रात्री ९:४०

ताई, दोन किमतींचं लगेच मान्य. मजुरीचं तर शंभर टक्के.

बऱ्याच जणांनी निरोपात मापं विचारली, ती इथेच देतो. छातीवर लोंबायला हवी तर तयार दोरी सत्तर सेंटिमीटरच्या आसपास, डोक्याला घट्ट हवी तर चाळीस. गोल गोफाला तयार लांबीच्या दीडपट लांबीचा एकेक पदर घ्या. चपटी वीण दोरी खूप खाते, विणलेल्या लांबीच्या आठ ते दहा पट. म्हणून सगळी दोरी चपटी विणू नका, जड होते आणि मानेला उबते, फक्त टोकाला बोटभर. चपट्या विणीत दर वेळी बाजू बदलायची, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. बाजू बदलली नाही की वीण मळसूत्रासारखी फिरत जाते. ज्यांना तशी फिरलेली आवडते त्यांनी मुद्दाम तशी करावी, ती टिकायला कमी नाही.

सिलिकॉनची नळी काडीच्या जाडीप्रमाणे लागते. दोरी मागवताना काडी बारीक तारेची आहे की जाड प्लास्टिकची, तेवढं लिहा.

---

जाळेकरी
१७ एप्रिल, रात्री १०:१०

डोळे करंगळी जाईन एवढे ठेवले जी. काडी जाड, प्लास्टिकची. बाजाराले दोन पट्ट्या आणतो, एक तुमाले ठेवा. पितळेची कडी नोको, पाण्यात वजन होते. बुचाचा मणी लावा.